कूलरच्या टाकीतली गोळी

पत्र्याचा जुना कूलर आहे मी, मित्रांनो. नांदेडच्या एका पत्रेवाल्याने मला ठोकून-ठाकून उभं केलं आणि मुखेडला धाडलं. माझा आवाज असा, की पहिल्याच दिवशी घरातले थोरले भाऊ हणमंतराव ओरडले, "अरे, कूलर आणला का पिठाची गिरणी?" मला राग आला, खोटं कशाला बोलू! पण धाकटे भागवत आणि त्यांची नवी नवरी शिल्पा यांना मी लई आवडलो. भरलं घर, पातळ भिंती. माझ्या घरघरीआड त्यांना मनातलं बोलता यायचं. दुपारी कापडाचं दुकान बंद करून भागवत जेवायला आले की मला सुरू करत. काय हसायची ती पोरगी! मग मीही जोर लावून फिरायचो.

पुढे भागवतांना कशातच गोडी वाटेना. दुकान नको, जेवण नको, अंघोळसुद्धा नको. हणमंतरावांनी त्यांना नांदेडला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या आणि खरंच गुण आला. भागवत दाढी करू लागले, गिऱ्हाइकांशी बोलू लागले. सगळं घर सुखावलं.

पण दुपारी खोलीत आले की ते भिंतीकडे तोंड करून झोपत. शिल्पाने हात धरला तर हळूच सोडवून घेत. ती बिचारी कधी नवी साडी नेसायची, कधी गजरा माळायची. मग तेही सोडलं. एकदा रडत म्हणाली, "माझ्यात काय कमी हाय, ते तरी सांगा." भागवतांनी पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. ती अहमदपूरला माहेरी निघून गेली.

त्यानंतर भागवतांनी एक भलतंच सुरू केलं. घरातलं कोणीतरी रोज त्यांच्या हातावर गोळी ठेवायचं. ती मुठीत धरून ते खोलीत येत आणि माझ्या टाकीत टाकून देत. औषध माझ्या पाण्यात विरघळत होतं आणि माणूस पुन्हा खचत चालला होता. मी खडखडून आकांत केला, तर हणमंतराव म्हणतात, "पंप गेला वाटतं!"

दुकानाचं शटर पुन्हा बंद राहू लागलं. निरोप मिळताच शिल्पा धावत आली. नवरा अंथरुणात, दाढी वाढलेली. खोली तापली होती, म्हणून मला सुरू करून ती माझ्यात पाणी भरायला बसली आणि टाकीत तिला अर्धवट विरघळलेली गोळी दिसली.

"अहो, काय करून राहिले तुम्ही हे?"

भागवत उठून बसले. "गोळ्यांनी मन बरं झालं गं, पण आतलं सगळं गार पडलं. तू जवळ आलीस तरी काहीच वाटंना. तुझ्यात काही कमी न्हाई. गोळ्या सोडल्या तर पहिल्यासारखं होईल, तू परत येशील, असं वाटलं."

"मग डॉक्टरला का न्हाई सांगितलं?"

"दादा शेजारीच खुर्ची टाकून बसतेत. बापाच्या जागी हायेत ते. त्यांच्यासमोर असलं कसं बोलू?"

शिल्पाने हातातली बादली खाली ठेवली. "अन् मी तिकडं स्वतःलाच दोष देऊन राहिले," म्हणाली आणि तोंडाला पदर लावून रडली. माझ्या आवाजामुळे बाहेर कोणाला ऐकू गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती हणमंतरावांना म्हणाली, "दादा, ह्या वेळी आम्ही दोघंच जातो." परत आल्यावर दोघांच्या बोलण्यातून मला कळलं, की डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. या गोळ्यांनी असं बऱ्याच जणांना होतं, त्यावर मार्ग काढता येतो, पण आपल्या मनाने गोळ्या सोडायच्या नाहीत, असं त्यांनी सांगितलं आणि औषध बदलून दिलं.

आता दुकान उघडतं. पण गेलेलं सगळं अजून परत आलेलं नाही. काल दुपारी भागवत अवघडून म्हणाले, "अजून न्हाई, शिल्पा."

"न्हाई तर न्हाई," ती म्हणाली. "पण भिंतीकडं नका वळू. माझ्याकडं बघून सांगा."

त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि दोघंही रडली. मला फार वाईट वाटलं, मित्रांनो.

माझ्या वाळ्याच्या जुन्या ताट्या नाही बदलल्या तरी चालेल. माझं एवढंच ऐका. घरातल्या आजारी माणसाला दवाखान्यात जरूर न्या, हणमंतरावांसारखी माया करा. फक्त डॉक्टरांजवळ त्याला घटकाभर एकटं सोडा आणि तुम्ही बाहेर बाकड्यावर बसा.