रस्त्याला लागलेला भोपळा

रस्त्यावर

आणि भोपळा रस्त्याला लागला.

पडद्यावरचा ठिपका काठ ओलांडून थेट बाजारपेठेत शिरला, तेव्हा तिच्या हातातला कप हातातच राहिला. भोपळा म्हणजे सरोवरात सोडायचा नारिंगी तरंगता गोळा. पोटात ठावठिकाणा कळवणारं यंत्र, खाली लांब कापडी शेपूट. त्यामुळे तो वाऱ्याच्या नादी न लागता पाण्याबरोबर जातो. आता ठिपका एका दुकानापुढे थांबला. गोळे सोडायच्या कामावरच्या कप्तानाने मान वाकडी करून पाहिलं.

"तिथे न्हावी बसतो. पाण्याला दाढी करायची असेल."

तिला हसू आलं नाही.

पाण्यावर

त्याआधीचं असं. सरोवरातलं पाणी कुठल्या ऋतूत कुठे वाहतं, याचे नकाशे करण्यात तिने चार वर्षं घातली होती. बाकीचे ऋतू सुतासारखे सरळ आले. घोडं अडलं ते हिवाळ्याच्या तोंडाशी, पूर्वेच्या कोपऱ्यात. तेव्हा वारा उत्तरेकडून सुटतो आणि पाण्याला दक्षिणेला रेटतो. तिचं संगणकावरचं मॉडेल मात्र हट्टाने सांगत होतं, की या कोपऱ्यात पाणी वळसा घेतं आणि काठाकाठाने उलटं, वाऱ्याच्या तोंडावर चालत जातं.

मोठ्या बाई, म्हणजे खात्याच्या प्रमुख, म्हणाल्या की मॉडेल काय वाटेल ते बोलेल. तसा गेलेला एक तरी भोपळा दाखव, नाहीतर शुक्रवारी नकाशा छपाईला जाईल तो तेवढा कोपरा कोरा ठेवून. नेमका तोच कोपरा. मावशीच्या घरामागचा, जिथे ती पोहायला शिकली होती.

वारा सुटला. कप्तानाने भोपळा सोडला. तो दक्षिणेला उतरला, कोपऱ्यात शिरला, आता वळेल, आता वळेल, आता

ओट्यावर

मावशीच्या स्वयंपाकघरात, भांड्यांच्या शेजारी, धुऊनपुसून चकचकीत.

मावशीचे यजमान, तिचे काका, कृतकृत्य चेहऱ्याने उभे होते. होडीतून जाताना त्यांना हा दिसला, वर पोरीच्या खात्याचं नाव दिसलं. उचलला. वाटेत दाढी उरकली. शेवाळलेली चिंधी कापून टाकली. साबण लावला.

"तुझा हरवला होता ना? आणला बघ."

वाटभर घोकलेलं भांडण तिने बाजूला ठेवलं.

"मी म्हणत होते, आधी पोरीला विचारा," मावशी म्हणाली. "पण यांना उपकार करायची घाई."

ती लॅपटॉप उघडून बसली. भोपळ्याची वाट: पट्टीने ओढल्यासारखी रेघ. न्हाव्याकडे मुक्काम. मग काकांच्या सायकलची रेघ.

होडीत बसलेला भोपळा असा जातो तर.

खात्यात नियम होता: वाऱ्याविरुद्ध गेलेला भोपळा कुणीतरी होडीत घातलेला समजायचा आणि त्याची वाट टाकून द्यायची. चार वर्षं ती अशा वाटा डोळे मिटून टाकून देत आली होती. पण खरोखर उचललेला भोपळा तिने आज पहिल्यांदा पाहिला.

"काका," ती उठत म्हणाली, "तुमचे उपकार झाले."

काकांनी मावशीकडे असं पाहिलं, की मावशीने पाठच फिरवली.

कचऱ्यात

टाकून दिलेल्या वाटांत या कोपऱ्यातल्या तीन निघाल्या. तिन्ही हिवाळ्याच्या तोंडच्या. तिन्ही उत्तरेला, मुंगीच्या पावलांनी, काठाच्या प्रत्येक खाचेला बिलगून, मुक्काम न करता. अशी होडी हाकणाऱ्याला घरी पोचायला आठवडा लागला असता.

मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. नियम त्यांचाच होता.

"म्हणजे पाणी उलटं गेलं, की ते आपणच केरात काढत होतो."

"हो, बाई."

"आणि वर मी तुझ्याकडे पुरावा मागत होते." त्यांना हसू फुटलं ते आवरेना. "बाण काढ. चांगला ठसठशीत काढ."

नकाशावर

कोपरा भरला. बाण उत्तरेला.

पुन्हा पाण्यावर

मावशीने जुन्या पडद्याची नवी शेपूट शिवून दिली. फुलाफुलांची. कप्तान म्हणाला, आता भोपळा लग्नाला निघाल्यासारखा दिसतो.

दोन दिवसांनी सकाळी काकांचा होडीतून फोन आला. आवाज दबका, जणू भोपळा ऐकेल.

"तुझा दिसतोय. हात लावत नाहीये. पण अगं, हा उलटा चाललाय."

तिने पडद्यावरचा ठिपका पाहिला आणि चहाचा घोट घेतला.

"जाऊ दे त्याला, काका."