बारा माणसं, तेरा कुऱ्हाडी

माझी आत्या, सिंधूताई, बागा मोडायचं काम घेत असे. संत्र्याची बाग रोगानं गेली की मालक तिला बोलावत. झाडं तोडायची, बुंधे मुळासकट उपटायचे आणि रान नांगराला मोकळं करून द्यायचं. कायमची माणसं पाच. अकोल्याहून वनस्पतिशास्त्र शिकून आल्यावर मीही तिच्या हाताखाली राहिले. तिचा नियम एकच होता: मजुरानं आपली कुऱ्हाड आणायची आणि संध्याकाळी घरी न्यायची. कुऱ्हाड घरी असली की उद्या यायचं की नाही हे माणूस स्वतः ठरवतो, असं ती म्हणे.

१९७६च्या एप्रिलात सोनाळ्याजवळची हिंमतरावांची तीनशे झाडांची बाग तिनं घेतली. पावसाआधी रान मोकळं हवं होतं. पाच माणसांनी ते होण्यासारखं नव्हतं, म्हणून भगवानराव मुकादमाला निरोप गेला. तो डोंगराकडची बारा माणसं घेऊन आला. कुऱ्हाडी त्यानं स्वतः बैलगाडीतून वाटल्या. सगळ्या नव्या, सगळ्यांचे दांडे सारखे.

"याइच्या कुऱ्हाडी कुठं हायत?" आत्यानं विचारलं.

"नव्याकोऱ्या देल्या ना ताई. अजून काय पायजे?"

दुसऱ्या दिवशी दुपारी कोकिळा नावाची बाई डेरेदार झाडाशी झगडताना दिसली. झाड अर्धं तुटलं होतं आणि दांड्यावर रक्त होतं. मी तिचा हात पाहिला. तळव्यावर जुने, पिवळट, कठीण घट्टे होते. फोड मात्र त्यांच्यापासून बोटभर खाली, मऊ कातडीवर आले होते. जन्मभर लाकूड तोडलेल्या हाताला दोन दिवसांत फोड येत नाहीत. घट्टे एका दांड्याचे होते, फोड दुसऱ्याचे.

"तुही कुऱ्हाड कुठं हाय वं?"

तिनं निंबाखाली बसलेल्या मुकादमाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "त्याच्या घरी. आमच्या साऱ्याइच्या. दोन वर्सं झाले."

"काऊन?"

"उचल घेतली व्हती, सासऱ्याच्या दुखण्यात. फिटली का म्हनलं, तं नाही म्हनते. घरी जाऊ देत नाही. पळून गेलं तरी कुऱ्हाडीबिगर डोंगरात खावं काय?"

मी आत्याला सांगितलं. ती बुंध्यावर बसून हिशेब करू लागली. मुकादमाला हाकललं असतं तर तो या बाराही जणांना घेऊन दुसऱ्या कामावर गेला असता. ती उठली आणि कोकिळेला घेऊन निंबाखाली गेली.

"भगवानराव, हा हात पाहा. असं चाललं तं माही बाग दिवाळीपर्यंत मोडत नाही. याइच्या सवयीच्या कुऱ्हाडी आणा."

"ताई, हे मजूर हायत का जावई?"

"जावयाले मी कामाले लावत नाही. उद्या आणा."

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं निंबाखाली पोतं रिकामं केलं. आत्यानं हिंमतरावांनाही बोलावून ठेवलं होतं. ती मजुरांना म्हणाली, "आपापली घ्या, अन् आता रोज घरी नेत जा."

"थांबा बे!" मुकादम उठला. "कुऱ्हाडी माह्या हायत. इकत घेतल्या मी."

"तुमच्या हायत? मंग सांगा, कोणती कोणाच्या हाताले बसते?"

तो हसला. "लाकडाले काय नाव असते काय ताई?"

कोकिळा पुढे आली. तिनं पदर डोळ्यांवर घट्ट बांधला, ढिगापुढे बसली आणि दांड्यांवरून बोटं फिरवू लागली. एक, दोन, तीन दांडे सोडून दिले. चौथ्याशी तिची मूठ आपोआप मिटली. तिनं पदर काढला. दांडा धावड्याच्या लाकडाचा होता आणि त्याच्यावर बोटांच्या खाचा पडल्या होत्या. मी तिचा तळवा दांड्याला लावून पाहिला. घट्टा खाचेत बसला, उखळात मुसळ बसावं तसा.

मग एकेक जण आला. कोणी डोळे बांधले नाहीत, पण कोणी पाहतही नव्हतं. हात जात होता आणि येताना कुऱ्हाड घेऊन येत होता. कोणाची चूक झाली नाही. इतकं अचूक काही मी प्रयोगशाळेतही पाहिलं नव्हतं.

एक कुऱ्हाड उरली. तिला कोणी हात लावेना.

"रुखमाबाईची हाय," म्हातारा कडूबा म्हणाला. "मागल्या पावसाळ्यात मेली. तापात घरी जातो म्हने. यानं जाऊ देलं नाही."

हिंमतरावांनी त्या कुऱ्हाडीकडे पाहिलं. "भगवान, गाडी जुप. वेठबिगारी बंद करायचा कायदा आला हाय. उचल-बिचल सारी संपली."

"पाहून घेईन एकेकाले!"

"पाहा," आत्या म्हणाली. "बारा नावं अन् एक मेलेलं, हे पोरगी आजच तहसीलीत लेहून देते."

गाडी धुळीत दिसेनाशी झाली.

"आमी जावं?" कडूबानं विचारलं.

अडीचशेवर झाडं उभी होती. आत्यानं त्यांच्याकडे एकदा पाहिलं. "जा."

ते निघाले. बांधावरून कोकिळा मात्र परत फिरली आणि कालच्या अर्ध्या झाडापाशी गेली.

"अर्धं तोडून सोडत नाहीत," कडूबा मला म्हणाला. "त्याले धड जगता येत नाही, मरता येत नाही."

नऊ घाव. मी मोजले. काल दुपारभर न पडलेलं झाड आवाज न करता बाजूला टेकलं. मग रुखमाबाईची कुऱ्हाड काखेत आणि आपली खांद्यावर घेऊन ती डोंगराच्या वाटेला लागली. बाकीचे तिच्यासाठी थांबले होते.

मी बुंध्याजवळ बसले. एका बाजूला कालचे घाव होते, उथळ, वेडेवाकडे, चाळीसच्या वर. दुसऱ्या बाजूला नऊ होते. पाठोपाठचे घाव असे मिळाले होते की मधे नख शिरत नव्हतं.

आत्यानं पदर खोचला आणि आमच्या पाच माणसांना हाक मारली.