एका हाकेत

खटपट्यानं नेटच्या कार्डाच्या कडेवर फुंकर मारली, ते खाचेत दाबलं आणि टेबलाखालूनच ओरडला, "आप्पा, बसलं! आता नाही चाललं तर अर्धी मिशी काढीन."

"मागच्या वेळी अख्खी काढणार होतास," वरून आप्पा म्हणाले.

"महागाई वाढली हो."

आप्पा हसले नाहीत. त्यांनी बटण दाबलं. जुना डबा घरघरला आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी सरकायला लागल्या.

खटपट्यानं आजवर अख्ख्या गल्लीचे कॉम्प्युटर रडवले होते आणि हसवलेही होते, पण या डब्यानं त्याचा पार भुगा केला होता. आप्पांचं लिनक्स इतकं जुनं, की नवं कार्ड त्याला ओळखूच येईना. ओळख करून देणारा ड्रायव्हर नेटवर, आणि नेट त्या ड्रायव्हरशिवाय नाही. किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप. शेवटी त्यानं भंगारबाजार पालथा घालून डब्याच्या वयाची कार्डं हुडकली. त्याच्यासमोर दिवा हिरवा लागायचा, सगळं गुण्यागोविंदानं चालायचं. तो जिना उतरून घरी पोचला, की ताईचा फोन: "नाही लागलं म्हणतात."

ताई म्हणजे आप्पांची लेक. आत्ता ती स्वयंपाकघरात खोकी बांधत होती, चिकटपट्टी चर्रकन फाटल्याचा आवाज येत होता. आप्पा न्हाणीघरात पडल्यापासून ती त्यांना आपल्याकडं न्यायला बघत होती. आप्पांचं एकच, आधी नेट लागू दे, मग हलतो. संध्याकाळी सामानाची गाडी यायची होती. दारातच तिनं खटपट्याला गाठलं होतं.

"दादा, काहीही करा, पण आज लावाच. पुन्हा पडले तर उचलायला कोण आहे इथं?"

म्हणून आज खटपट्या काम झाल्यावर उठला नाही. स्टूल ओढून आप्पांच्या बाजूला बसला. "तुम्ही चालवा. मी नुसता बघतो."

आप्पांनी चष्मा पुसला. एका बोटानं, जपून जपून टाइप केलं. पिंग, म्हणजे दुसऱ्या डब्याला मारायची हाक. मग तीन अक्षरं, ए, जी, ए. पडद्यावर एकाखाली एक त्याच त्या ओळी पडायला लागल्या. समोरचा सापडत नाही. समोरचा सापडत नाही.

"बघ," आप्पा म्हणाले. "नाही लागलं."

"हा आगा कोण? जगात इतके कॉम्प्युटर आहेत, तुम्ही नेमका आगापिछा नसलेला धरलाय."

"अगं."

"अगं काय आप्पा? मिशी आहे अजून मला."

"अरे, अगं. आतला डबा. तुझ्या काकूचा."

खटपट्यानं पडद्याकडं नीट पाहिलं. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला याच डब्याचं नाव होतं. ते त्यानं इतक्या खेपांत शंभरदा वाचलं असेल, आणि काहीतरी कोड असेल म्हणून सोडून दिलं असेल. ए, एच, ओ. अहो.

नेटच्या वायरीखेरीज भिंतीच्या कडेनं आणखी एक करडी वायर आतल्या खोलीच्या दाराखाली गेली होती. तो उठला आणि वायरीमागून गेला. आत काकूंचं टेबल होतं. काकू गेल्या, आणि त्यांच्यामागं त्यांचा डबाही. टेबलावर डब्याएवढा चौकोन तेवढा उजळ राहिला होता. वायरीचं टोक त्या चौकोनात कुणीतरी नीट गुंडाळून ठेवलं होतं.

तो परत येऊन बसला.

"तिला टायपिंगच्या नादात ऐकू जायचं नाही," आप्पा म्हणाले. "मग मी इथून पिंग करायचो. तिनं 'हूं' केल्याशिवाय कधी घराबाहेर पडलो नाही. आता हे घरच सोडायचं, तर सांगायला नको?"

खटपट्यानं मिशीवरून हात फिरवला. कार्ड चांगलं होतं. आधीचीही चांगलीच होती.

"आप्पा, पाणी आणता जरा?"

आप्पा भिंत धरत उठले. खटपट्याचे हात शिवशिवत होतेच. डब्यांच्या नावांची फाइल उघडून एक ओळ घालायचं काम. अगं म्हणून हाक आली, की याच डब्यानं ओ द्यायची. आयुष्यभर त्यानं याहून वाईट चेष्टा केल्या होत्या, त्याही फुकट.

आप्पांनी पेला ठेवला.

"आता मारा हाक."

एक बोट, तीन अक्षरं. उत्तरं धडाधड यायला लागली. आप्पा पुढं वाकले. ते खूप वेळ बघत राहिले. मग ओळीच्या शेवटी, उत्तराला लागलेल्या वेळेवर, त्यांनी बोट टेकवलं. मिलिसेकंदाचाही बारीक तुकडा.

"ही ती नाही."

"म्हणजे?"

"तिनं जन्मात एका हाकेत ओ दिली नाही."

खटपट्याला हसू आलं. आप्पांनी त्याच्याकडं न बघता ती फाइल उघडली, त्याची ओळ शोधली आणि एकेक अक्षर पुसून टाकलं. मग पुन्हा पिंग. समोरचा सापडत नाही. समोरचा सापडत नाही.

"हं," आप्पा खुर्चीत मागं टेकले. "अशीच गप्प बसायची, रुसली की."

आतली चिकटपट्टी थांबली. ताई दारात आली, मनगटात पट्टीचं रीळ.

"लागलं?"

आप्पा पडद्याकडंच बघत होते. खटपट्यानं पाण्याचा पेला उचलला आणि स्वतःच पिऊन टाकला.

"नाही, ताई. कार्ड खराब निघालं."

ताई चौकटीला टेकली. टेबलाखाली बोट दाखवून म्हणाली, "मग ते काढून तरी न्या."

टेबलाखाली हिरवा दिवा लुकलुकत होता.

"राहू दे," खटपट्या म्हणाला, आणि पेचकस खिशात टाकून चपला शोधायला लागला.