पाचव्या ओळीवरची रेघ

"पुढे सरका, पुढे जागा आहे! दारात कोणी उभं राहू नका!" बाई ओरडल्या आणि मी मुकाट्याने पुढे सरकलो. सरकल्यावर लक्षात आलं, की मी तर परत जायला वळलो होतो.

खोली एका मोटार ड्रायव्हिंग शाळेची होती. रविवारी सकाळी ती या प्रार्थनेच्या मंडळींना मिळत असे. भिंतींवर वाहतुकीच्या खुणांचे तक्ते, कोपऱ्यात टेबलाला बसवलेलं एक सुटं स्टीअरिंग, आणि मध्ये गोल मांडलेल्या तीस-पस्तीस खुर्च्या. ओरडणाऱ्या बाई तीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होत्या, हे मला चहाच्या वेळी कळलं. सगळे त्यांना कंडक्टरबाईच म्हणत.

"नवीन ना?" त्यांनी विचारलं. "बसा. इथे नाव सांगायचं नाही, फॉर्म भरायचा नाही. चहा शेवटी ठेवलाय, म्हणजे लोक मध्येच पळत नाहीत."

या जागेचा पत्ता माझ्या मुलीने दिला होता. त्याआधी मी तीन ठिकाणी जाऊन आलो होतो. पहिल्या ठिकाणी एक गृहस्थ माइकवर इतके ओरडत होते, की देवाला कमी ऐकू येतं की काय अशी शंका यावी. दुसऱ्या ठिकाणी आधी दोन पानी अर्ज होता आणि त्यात 'श्रद्धा केव्हापासून' असा एक रकाना होता. मी बराच वेळ त्या रकान्याकडे बघत बसलो आणि अर्ज तसाच परत दिला. तिसऱ्या ठिकाणी सगळे एकाएकी रडायला लागले. मी घाबरून बाहेर पडलो तो दुसऱ्याच कोणाचे तरी बूट घालून.

"बाबा, तुम्ही नक्की काय शोधताय?" बुटांकडे बघत मुलीने विचारलं होतं. "आई काही अशा ठिकाणी भेटणार नाहीये."

"ते कळतं गं मला."

"मग?"

"मला एकदा मोठ्याने प्रार्थना म्हणायची आहे. चार माणसांत."

"म्हणा की मग घरी. मी बसते समोर."

"घरी नाही चालायचं," मी म्हणालो. का, ते तिला सांगितलं नाही.

माझी बायको रोज संध्याकाळी आतल्या खोलीत बसून प्रार्थना म्हणायची. कुठल्या पुस्तकातली नव्हे, तिची स्वतःचीच. मी बाहेरच्या खोलीत काम करत असायचो. मी बाइंडर. एका मोठ्या ग्रंथालयात चाळीस वर्षं फाटकी पुस्तकं शिवली आणि संध्याकाळी घरीही तेच केलं. तिने मला कधी आत बोलावलं नाही, मीही कधी गेलो नाही. मधे पातळ भिंत होती, त्यामुळे सगळं ऐकू यायचं.

शेवटच्या आठवड्यात ती इस्पितळात होती. सहा खाटांचा वॉर्ड. एका संध्याकाळी म्हणाली, "अहो, मला दम लागतो. आज तुम्ही म्हणा ना. मी ऐकते."

शेजारच्या खाटेवरच्या बाईचे दोन भाऊ संत्री सोलत बसले होते. नर्स कोणाला तरी रागवत होती. मी इकडे तिकडे पाहिलं आणि म्हणालो, "मला येत नाही."

हे खोटं होतं. अडतीस वर्षं ऐकत होतो मी. देव मानतो की नाही हा प्रश्नच नव्हता. मला लाज वाटली, एवढंच.

"बरं," ती म्हणाली. "मग उशी तरी जरा वर करा."

मी उशी वर केली. दोन दिवसांनी ती गेली.

तर त्या पहिल्या रविवारी मी गोलात बसलो. शेजारी पन्नाशीचे एक दातांचे डॉक्टर होते. कंडक्टरबाईंनी खोक्यातून एकेक जाड कागद वाटला आणि त्याबरोबर एकेक पेन्सिल. कागदावर प्रार्थनेच्या आठ ओळी छापलेल्या होत्या.

"पद्धत सांगतो, काका," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "जी ओळ मनापासून म्हणता येत नाही, तिच्यावर रेघ मारायची. म्हणताना तिथे गप्प बसायचं. पुढेमागे पटली तर रेघ खोडायची. मागच्या कोपऱ्यात आपली खूण करून ठेवायची, म्हणजे दर वेळी आपलाच कागद हाती येतो. कोणी कोणाचा बघत नाही." आणि लगेच स्वतःचा माझ्यापुढे धरला. "हा माझा. अकरा वर्षं येतोय."

आठपैकी सात ओळी खोडलेल्या होत्या. फक्त शेवटची शिल्लक होती, 'आम्ही एकमेकांना सांभाळू.'

"देव मानत नाही मी," ते म्हणाले. "पण रविवारी दुसरीकडे कुठे जाणार? बायको म्हणते, निदान तिथे तरी कोणाला आ करायला सांगू नका."

प्रार्थना सुरू झाली. त्या म्हणण्याला एक गंमत होती. एका ओळीला तीस आवाज, पुढच्या ओळीला बारा, मग पुन्हा पंचवीस. 'कोणीतरी ऐकतं' या पाचव्या ओळीला तर जेमतेम नऊ-दहाच. पण जे गप्प होते ते खाली मान घालून नव्हते बसलेले. बोलणाऱ्यांकडे बघत होते, आपल्या मुलाची पाळी आल्यावर बघावं तसे.

मी कुठेच रेघ मारली नाही. आठही ओळींना नुसते ओठ हलवले.

"एकही रेघ नाही?" नंतर डॉक्टर म्हणाले. "सगळं पटलं? पहिल्याच दिवशी?"

"पेन्सिलीला टोक नव्हतं," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या हातातली पेन्सिल पाहिली. टोक सुईसारखं होतं. मग ते माझ्यासाठी चहा घेऊन आले.

मग मी दर रविवारी जाऊ लागलो. ओठ हलवायचो, चहा प्यायचो, कप विसळू लागायचो. मला त्या माणसांची सवय लागली. पण आवाज काही फुटेना. आपण इथेही फसवतोय, असं घरी येताना रोज वाटायचं. तोंडाने होत नाही तर निदान हाताने काही करावं, म्हणून एकदा कप पुसता पुसता मी कंडक्टरबाईंना म्हणालो, "हे कागद कडांनी फाटलेत. घरी नेऊन दुरुस्त करून देऊ का?"

"अगंबाई, बोलतात की हे!" त्या म्हणाल्या. "न्या की. चौतीस आहेत. सांभाळून बरं का, दादा, जीव आहे त्यांच्यात."

गुरुवारी दुपारी मी कामाला बसलो. कितीतरी महिन्यांनी खळ शिजवली. एकेक कागद घ्यायचा, साफ करायचा, फाटलेल्या कडेला पातळ कागदाची पट्टी चिकटवायची, भोक असेल तर भरायचं, मग दाबाखाली ठेवायचं. हात आपोआप चालत होते. चौतिसावा कागद दाबाखाली गेला तेव्हा मी खूश होतो. इतका खूश मी ती गेल्यापासून झालो नव्हतो.

संध्याकाळी मुलगी आली. तिने दाबातून एक कागद काढून पाहिला.

"किती छान झालेत, बाबा. कोरे करकरीत." मग तिने कागद उलटसुलट केला. "पण तुम्ही सांगत होतात त्या रेघा कुठायत?"

मी टेबलाकडे पाहिलं. खोडरबराच्या काळ्या चुऱ्याचा छोटासा ढीग पडला होता.

ग्रंथालयात कामाचा पहिला नियम हा, की पुस्तक शिवायला घेण्याआधी वाचकांनी मारलेल्या पेन्सिलीच्या रेघा पुसायच्या. चाळीस वर्षं मी तेच करत आलो होतो. हाताने मला विचारलं नव्हतं.

"अरे देवा," मुलगी खुर्चीवर बसली. "सगळ्याच?"

"सगळ्याच. मागच्या खुणासुद्धा."

मी तो चुरा तळहातावर गोळा केला. मग ती उठून माझ्याजवळ आली. "असं करू या. रविवारी मी नेऊन देते कागद. सांगते त्यांना. तुम्ही घरी थांबा. तुम्हाला नाही जमायचं, बाबा."

किती सोपं होतं ते! मी हो म्हणायला तोंडही उघडलं होतं.

"नको," मी म्हणालो. "जमायला पाहिजे."

रविवारी मी सगळ्यांच्या आधी जाऊन बसलो. माणसं आली, गोल भरला. कंडक्टरबाई खोकं घ्यायला माझ्याकडे आल्या तेव्हा मी ते सोडलंच नाही. तसाच उभा राहिलो.

"माझ्याकडून चूक झाली आहे," मी म्हणालो. आवाज चिरका निघाला. "कागद दुरुस्त करताना मी तुमच्या रेघा पुसून टाकल्या. सवयीने. एकही राहिली नाही. मला माफ करा."

मग दातांचे डॉक्टर म्हणाले, "म्हणजे माझी अकरा वर्षांची नास्तिकता एका दुपारी साफ? काका, एवढं सफाईदार काम मला दातांवर जमत नाही!"

लोक हसले. कोणीतरी म्हणालं, मला तशाही त्या पुन्हा तपासायच्या होत्या. पण कंडक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी खोकं घेतलं आणि कागद भराभर चाळू लागल्या.

"कोपऱ्यात भोक असलेला कुठाय?" त्यांनी विचारलं. "तिकिटाच्या चिमट्याने पाडलेलं भोक. आमच्या ह्यांचा कागद होता तो. ते गेल्यापासून मी तसाच ठेवलाय."

"भोक मी भरलं," मी म्हणालो. "द्या इकडे."

मी डोळे मिटले आणि एकेका कागदाचा कोपरा अंगठ्याखालून नेला. भरलेली जागा डोळ्यांना दिसत नाही, पण बोटाला कळते. एकविसावा कागद होता तो. त्यांच्या हातात दिला.

"पाचव्या ओळीवर अर्धी रेघ होती," त्या कागदाकडे बघत म्हणाल्या.

"होती. डावीकडून अर्धी पुसलेली."

"पाहिली होतीत तुम्ही?"

"पाहिली होती. हाताला वाटलं, कोणाचं तरी काम अर्धं राहिलंय. म्हणून पुरं केलं."

त्या हळूच खुर्चीवर टेकल्या. "या एका ओळीवरून आयुष्यभर माझ्याशी भांडले. कोणी ऐकत नाही गं, म्हणायचे, तू उगाच बेल मारतेस. शेवटच्या आठवड्यात मात्र कागद मागितला. म्हणाले, खोडरबर दे. अर्धी रेघ पुसली आणि म्हणाले, दमलो. उरलेली उद्या." त्यांनी भरलेला कोपरा अंगठ्याने चाचपला. "तो उद्या काही आला नाही."

डॉक्टरांनी पेन्सिल पुढे केली. "काकांना जागा आठवतेय. तशीच अर्धी रेघ मारून घेऊ या का?"

"नको," कंडक्टरबाई म्हणाल्या. "ती दादांची रेघ होईल, आमच्या ह्यांची नाही." हाताच्या पाठीने त्यांनी डोळे पुसले आणि मग एकदम हसल्या. "बघा ना, दादा. चाळीस वर्षं मी डोकं फोडलं त्या माणसापुढे. तुम्ही एका रबराने पटवलंत! आता वर भेटले तर त्यांना काय तोंड दाखवणार तुम्ही?"

त्यांनी माझा हात धरून मला शेजारच्या खुर्चीवर बसवलं.

"कोणाबरोबर तरी पाठवून दिले असतेत कागद, तरी चाललं असतं की."

"चाललं असतं."

"मग का आलात?"

मी सांगितलं. भिंतीपलीकडची रोजची प्रार्थना, वॉर्ड, सहा खाटा, संत्री सोलणारे भाऊ, उशी. मुलीलाही जे सांगितलं नव्हतं ते तीस माणसांसमोर सांगितलं. कोणी सल्ला दिला नाही, कोणी च् च् केलं नाही.

"म्हणा मग आज," कंडक्टरबाई म्हणाल्या. "कागदावरची नको. वहिनींचीच म्हणा. आम्ही ऐकतो."

मी उठलो. खुर्चीची पाठ घट्ट धरली आणि म्हणायला लागलो.

"आजचा दिवस दिलास, तो मी वापरला. कुठे मळला असेल तर तसाच घे." तिचीच वाक्यं, तिच्याच क्रमाने. मुलीसाठी एक, शेजाऱ्यांसाठी एक, रस्त्यावर असतील नसतील त्या सगळ्यांसाठी एक. आवाज सुरुवातीला कापत होता, मग सरळ झाला. आणि मग ते वाक्य आलं, ज्याचा मी विचारच केला नव्हता. "ह्यांचे डोळे सांभाळ. ह्यांना बारीक काम असतं."

ते मला माझ्याच तोंडाने म्हणावं लागलं. म्हणालो.

त्यानंतरचं ती नेहमी मनात म्हणायची. भिंतीपलीकडे नुसती शांतता असे. त्या शांततेत तिने काय मागितलं ते मला ठाऊक नाही, अडतीस वर्षांत कधी विचारलं नाही. पण तिची लांबी मला पक्की ठाऊक होती. एका पुठ्ठ्याला खळ लावून होईल, एवढी.

तेवढा वेळ मी उभा राहिलो. मी विसरलो असं कोणाला वाटलं नाही. कोणी खोकलं नाही, कोणी कागद हलवला नाही. सगळी तीस माणसं माझ्याबरोबर तिच्यासाठी थांबून राहिली.

मग, आतल्या खोलीत ती उठायची आणि तिची खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा, बरोबर त्या वेळी मी खाली बसलो.