बंबाचं पाणी

त्या दुष्काळात कोपरगावचा आगीचा बंब आगीपेक्षा लोकांच्या तहानेमागेच जास्त धावत होता. कारखान्याच्या वाटेवर नवी वस्ती वाढली होती. उसाच्या पाचटाने शाकारलेल्या कोप्या एकीला एक खेटून, आणि विहीर एकच, तीही आटलेली. सडकेवर बंबाची घंटा वाजली की बाया हंडे घेऊन पळत सुटायच्या.

त्या दिवशी राहीबाईही पळाली. कोपीत लेक विजयमाला बाळंतीण, कुशीत आठवड्याचं पोर. कुत्री शिरतात म्हणून तिने कोपीची ताटी बाहेरून सुंभाने करकचून बांधली होती.

"बाळंतीण हाय घरी," म्हणत ती रांगेत पुढे घुसली आणि दोन्ही हंडे भरून घेतले.

छबूबाई खवळली. "बाळंतपन काय तुझ्याच घरात झालंय? आमाला काय देवानं टाकलं व्हय?"

राहीबाई उत्तर देणार, तोच कोणीतरी ओरडलं, "आग लागली! खालच्या कोप्यांना आग!"

धूर तिच्याच ओळीच्या टोकाला होता, आणि वारा तिच्या कोपीकडे. हंडे तिथेच टाकून ती धावली. ताटी बांधलीय, ताटी बांधलीय, एवढंच डोक्यात.

"आये, उघड गं!" आतून विजयमाला ताटीवर धडका देत होती.

गाठ सुटेना. नखं उलटली. राहीबाईने दात लावले. तिच्यापासून चौथी कोपी पेटली, मग तिसरी. तिने सडकेकडे पाहिलं, तर बंब जागचा हलेना.

"अरं, येत का न्हाईत मुडदे!"

एवढ्यात बंबावरचा गोरक्ष कुऱ्हाड घेऊन एकटाच पळत आला. "सरका, मावशी!" एका घावात सुंभ तुटला. विजयमाला खोकत बाहेर आली. पोर गप्पच. राहीबाईने त्याच्या तोंडावर फुंकर घातली, तळपाय चोळले. कितीतरी वेळाने ते रडलं. आणि त्या रडण्यातच घंटा ऐकू आली.

आग राहीबाईच्या कोपीच्या दोन कोप्या अलीकडे थांबली.

सांजेला छबूबाई राहीबाईचे रिकामे हंडे घेऊन आली.

"बंब का थांबला हुता गं?" राहीबाईने विचारलं.

"टाकी निम्मी झाल्ती. आमी भरलेलं समदं परत वतलं. पयले तुझे हंडे. तुझाच नंबर पयला न्हवं?"

छबूबाईने पदराआडून तांब्या काढला.

"एवढा मातुर मी लपवला हुता. कुनाला सांगू नगंस. पाज तिला."