पेटीचा हेवा

मित्रांनो, शाळेतल्या कपाटावर नकाशांच्या गुंडाळ्यांखाली एक बाजाची पेटी पडलेली आहे ना, ती मी. माझ्या दोन पट्ट्या निघाल्या आहेत आणि भाता उंदरांनी कुरतडला आहे. पण एके काळी केशोरी गावाच्या पलीकडच्या या लहानशा गावात माझ्यावाचून शाळा भरत नव्हती.

नागपूरच्या एका कारागिराने मला सागवानात घडवले. गावाने घराघरांतून धान गोळा करून मला आणले. जागेश्वर गुरुजी रोज सकाळी माझा भाता हलवत, आणि चौथीतली वच्छला माझ्याशेजारी उभी राहून प्रार्थना म्हणे. तिचा आवाज माझ्या सुरात असा मिसळे, की मला वाटे, ही मुलगी माझीच आहे. सुट्टीत ती आपल्या ओढणीने माझ्या पट्ट्या पुसत असे.

सत्तेचाळीसच्या दिवाळीत गुलाबचंद सेठच्या दुकानात बॅटरीवर चालणारा रेडिओ आला, आणि माझे दिवस फिरले. मधल्या सुट्टीत सगळी पोरे तिकडे पळू लागली. सगळ्यांत पुढे वच्छला! ती परत येई ती नवी गाणी गुणगुणत. मी कोपऱ्यात जळत राही. त्या खोक्याला ना भाता, ना पट्ट्या. त्याला हात लावून कोणी शिकत नाही, तरी त्याचे एवढे कौतुक का? सुट्टी संपली तरी वच्छला येत नसे. गुरुजींनी तिला दोनदा ताकीद दिली. मला ते आवडले.

मग तो जानेवारीचा शेवटचा शनिवार आला. आदल्या दिवशी सेठ बाहेरगावी होते, म्हणून रेडिओ बंद होता. त्या दिवशी सकाळी प्रार्थनेला वच्छला नव्हती. तिच्यावाचून प्रार्थना कशीतरी उरकली, आणि पाढे सुरू झाल्यावर ती धापा टाकत दारात आली.

"गुरुजी, गांधीजीले गोळ्या मारल्या. ते गेले. रेडिओवर सांगून राहिले."

गुरुजी खादी वापरणारे. ते रोज सूत कातत. त्यांचा चेहरा लालबुंद झाला. उशीर लपवायला ही पोरगी असे अभद्र बोलते, असे त्यांना वाटले. त्यांनी तिला हात पुढे करायला सांगितले आणि दोन छड्या मारल्या.

मित्रांनो, आता खरे सांगते. त्या छड्या वाजल्या तेव्हा मला आनंद झाला. आता कळेल हिला, असे मी मनात म्हटले.

वच्छलाने हात काखेत दाबून धरला. ती रडत होती, पण मागे हटली नाही. "मारा गुरुजी. पन मी खोटं नाही बोलून राहिली."

तेवढ्यात गुलाबचंद सेठ शाळेच्या अंगणात आले. डोक्यावर टोपी नाही, पायात जोडे नाहीत. ते दाराची चौकट धरून उभे राहिले. गुरुजींनी त्यांच्याकडे पाहिले. छडी त्यांच्या हातून गळून पडली, आणि ते मुलांसमोर जमिनीवर बसले.

शाळा तशीच उठून सेठच्या अंगणात गेली. भजन म्हणता येईल म्हणून कोणीतरी मलाही उचलून नेले. रेडिओ एका स्टुलावर होता, मला खाली ठेवले. दिल्लीत अंत्ययात्रा निघाली होती आणि एक माणूस जड आवाजात तिचे वर्णन करत होता. बायका पदर डोळ्यांना लावून ऐकत होत्या. एवढ्या दुःखातही मी जळतच होते. हा बंद पडावा, असे मला वाटत होते. आणि दुपारी बॅटरी उतरून तो खरेच बंद पडला.

आता मला बोलावतील, असे वाटले. पण कोणी माझ्याकडे पाहिलेही नाही.

बातमी ऐकून जवळच्या प्रतापगड गावाकडून लोक येत होते. मंगरू नावाच्या म्हाताऱ्याने विचारले, "खरं हाय का जी?" सकाळचे पहिले शब्द वच्छलाने ऐकले होते, म्हणून लोकांनी तिला पुढे केले. ती बोलायला लागली आणि गुरुजींना पाहून गप्प झाली. तिने हात मागे लपवला.

गुरुजी उठले. सगळ्या गावासमोर तिच्याजवळ गेले आणि म्हणाले, "सांग बाई. मंगरूबाबा, ही पोरगी सकाळी खरंच सांगत होती. मी ऐकलं नाही. मी हिला मारलं, ते चुकलं माझं."

मग वच्छलाने सगळे सांगितले. नवी माणसे आली की ती पुन्हा सांगे, आणि गुरुजी शेजारी मान खाली घालून उभे राहत.

त्या क्षणी मला रेडिओचा हेवा उरला नाही. हेवा वाटला तो गुरुजींचा. चूक माझीही होती, पण त्यांना आपली चूक कबूल करता आली. मला नाही.

त्या गोष्टीला बारा वर्षे झाली. मी आज तुमच्यापाशी कबूल करते आहे. माझा भाता दुरुस्त करा, असे मी म्हणणार नाही. एवढेच करा: एखादे मूल धापा टाकत दारात आले, तर आधी त्याचे म्हणणे ऐकून घ्या.