टाचण्यांमागची गुणगुण

खोकं उघडायला आजीने कापडाची मोठी कात्रीच उचलली, तसा तिचा धाकटा मुलगा ओरडला, "आई, थांब! हा काय पडद्याचा तागा आहे? ही पट्टी ओढायची फक्त. ओढ. हळू... हळू गं!"

पट्टी सुटली. झाकण इतकं सावकाश वर आलं, जणू आत कुणी झोपलंय आणि त्याची झोप मोडायची नाही. आत फोन होता. काळाभोर, गुळगुळीत, आणि त्यात आजीचा चष्मा, चष्म्यामागचे डोळे, डोळ्यांमागचं सगळं दुकान.

दुकान म्हणजे रस्त्याकडे तोंड केलेली एक खोली. डावीकडे आजीचं शिलाई मशीन, उजवीकडे इस्त्रीवाल्या मावशीचं टेबल. सैल कपडे घट्ट करणं, घट्ट झालेले सैल करणं, फाटलेलं अस्तर सांधणं हे आजीचं काम. ते कडक करून घडी घालणं मावशीचं. आणि एकमेकींना टोमणे मारणं हे दोघींचं, बिनपगारी.

"कंपनीचा सगळ्यात वरचा फोन आहे," धाकटा छाती फुगवून म्हणाला. "याच्या वर काही नाही."

"वर छत आहे," मावशी म्हणाली. "हात पुसून धर गं. खडू लागेल त्याला."

आजीने हात पदराला पुसले, मग पदर झटकला, मग पुन्हा हात पुसले. सोळा वर्षांच्या पोरीसारखे तिचे कान लाल झाले होते. हा फोन म्हणजे बोलायचं यंत्र नव्हतंच तिच्या लेखी. ती खिडकी होती. त्या खिडकीत रोज दुपारी तिची नात दिसणार होती.

नात दूरच्या शहरात राहायची. नुकतीच भिंत धरून उभी राहायला लागलेली. गोल, गुबगुबीत, म्हणून आजीने तिचं नाव गुंडी ठेवलं होतं. जुन्या फोनवर ही गुंडी धुक्यात हरवल्यासारखी दिसायची. काचेला तडा होता, तो नेमका तिच्या नाकावरून जायचा. धाकट्याने तो फोन नव्याच्या बदल्यात दुकानदाराला देऊन टाकला, तेव्हा आजीने मागे वळूनही पाहिलं नाही.

दुपारी फोन लागला आणि दुकानात कामाचं दिवाळं निघालं. आजी उठली, मावशीने इस्त्री उभी केली, पँट न्यायला आलेलं गिऱ्हाईकसुद्धा वाकून बघायला लागलं.

"अगं बाई, पापण्या! पापण्या दिसताहेत गं तिच्या!"

"आई, ओरडू नकोस, ती दचकेल," पलीकडून लेक हसत म्हणाली. "तुझा आवाज किती स्वच्छ येतोय! शेजारी बसल्यासारखा."

"दात किती आले? दाखव. ए गुंडे, आ कर. मावशी, बघ, तांदळाचे दाणे पेरलेत!"

"दाखव मला. हो की. आजीपेक्षा एक जास्तच आहे."

मग रोजची वेळ झाली. लेक बुटांच्या कारखान्यासाठी नव्या बुटांची चित्रं काढायची, घरी बसून, आणि हातात पेन्सिल धरायला तिला दिवसातून एकच वेळ मिळायची. गुंडी दुपारी झोपली तर. आणि गुंडी झोपायची ती आजीच्या गुणगुणण्यावर. लेक फोन पाळण्याशी टेकवायची आणि मागच्या टेबलाशी जाऊन बसायची. इकडे आजी फोन दोऱ्याच्या रिळांना टेकवायची, मशीन सुरू करायची, ओठांत टाचण्या धरायची आणि गुणगुणायची.

शब्द नसायचे. कुठून असणार? टाचण्या ओठांत असल्या की तोंड उघडायची सोय नाही. कॉलर लावताना टाचण्या, बाही बसवताना टाचण्या. लेक आणि धाकटा असेच मोठे झाले होते, मिटल्या ओठांमागून येणाऱ्या त्या सुरावर. मशीनची टकटक हा ठेका, आणि त्यावर मधमाशी फुलाभोवती फिरावी तसा फिरणारा सूर. नाकातून यायचा, गळ्यात घोळायचा. गुंडीलाही तोच पुरायचा. अर्ध्या बाहीत डोळे मिटायचे तिचे.

त्या दिवशी मात्र बाही संपली, दुसरी संपली, आणि पाळण्यातून रडणं आलं. आधी कुरकुर, मग भोकाड.

"नवा फोन बघून अंगात आलंय तिच्या," मावशी म्हणाली. "तुझ्यासारखंच."

आजी हसली. दुसऱ्या दिवशीही गुंडी रडली, तेव्हा हसली नाही. तिसऱ्या दिवशी लेक पडद्यावर आली ती पेन्सिल केसांत खोचून, डोळ्यांखाली सावल्या घेऊन. "असू दे आई, दात येत असतील." आवाजात थकवा होता, आणि नव्या फोनमुळे तो थकवासुद्धा अगदी स्वच्छ ऐकू आला.

आजीचं लक्ष पडद्याच्या कोपऱ्याकडे गेलं. तिथे एक लहानशी चौकट होती आणि चौकटीत एक बाई. गालावर सुरकुत्यांचं जाळं, हनुवटीवर एक पांढरा केस, आणि ओठांतून खिळ्यांसारख्या बाहेर आलेल्या टाचण्या. जुन्या फोनने हे सगळं मायेने झाकून ठेवलं होतं. याने एकेक रेघ मोजून मांडली होती.

"मावशी," तिने हळूच विचारलं, "मी अशी दिसते?"

मावशी इस्त्री थांबवून बघायला आली. एकदा फोनकडे, एकदा आजीकडे. "अशीच दिसतेस. का?"

"पोर घाबरते मला."

"मी रोज बघते, मी घाबरले का कधी?"

पण आजीच्या मनाने घेतलं ते घेतलं. चौथ्या दिवशी ती पावडर लावून आली. टाचण्या गुलाबी डोक्यांच्या निवडल्या. दिवा डोक्यावरून बाजूला सरकवला, तर अर्धा चेहरा काळा झाला; समोर ठेवला, तर नाक चमकायला लागलं. शेवटी एका गिऱ्हाइकाचा रेशमी स्कार्फ, जो फक्त किनार दुमडायला आला होता, तो तिने डोक्याला बांधला.

"नाटकात काम मिळालं का?" मावशीने विचारलं.

आजीने टाचण्या ओठांत धरल्या. ओठ मिटून, जीव ओतून गुणगुणत राहिली. छातीत दुखेपर्यंत. गुंडी पाळण्याची कड धरून उभी राहिली, फोनकडे बघितलं, आणि ओठ बाहेर काढून रडू लागली.

एवढा सुंदर फोन! पापणी दाखवतो, दात दाखवतो, डोळ्यातलं पाणी टपकायच्या आधी दाखवतो. आणि काय उपयोग? नातीला आजी नकोशी झाली, हे इतकं ठसठशीत कुणी दाखवायला सांगितलं होतं त्याला?

पुढच्या दिवशी फोन लागताच लेक म्हणाली, "आई, एक सांगायचं होतं. सोमवारपासून गुंडीला दुपारी पाळणाघरात ठेवतेय. कारखान्याचा माणूस रोज विचारतोय, चित्रं कुठे म्हणून. ती झोपत नाही, माझं काम होत नाही. त्यांनी दुसरं कुणी बघितलं तर..."

आजीने टाचण्या एकेक करून उशीत खोचल्या. एरवी ती मूठभर खोचायची. "बरं," म्हणाली. मग पुन्हा, "बरं केलंस."

"तू वाईट वाटून घेऊ नकोस."

"मला कसलं वाईट? तिला माझं तोंड आवडत नाही, तर मी काय—"

"तोंड? कसलं तोंड?"

"या फोनमध्ये दिसतं ते! म्हातारीचं. घाबरते पोर. मी पावडर लावली, स्कार्फ बांधला..."

"आई, तो स्कार्फ त्यासाठी होता?" लेकीला हसू फुटलं आणि तिथेच अडकलं. "अगं, तोंडाचं काही नाही गं. तू गुणगुणत नाहीस ना हल्ली, म्हणून झोपत नाही ती."

मावशीची इस्त्री हवेतच राहिली.

"मी गुणगुणत नाही?" आजी म्हणाली. "घसा सुजलाय माझा!"

"मला तर काहीच ऐकू येत नाही. मशीनसुद्धा नाही. नुसती शांतता. मला वाटलं, दुकानात काम उरलेलं नाही, तू काळजीत आहेस. मग कुठल्या तोंडाने म्हणू, आई, जरा गुणगुण म्हणून?"

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मधे शेकडो कोस आणि एक अतिशहाणी काच.

"धाकट्या!" आजीने हाक मारली ती रस्त्यापर्यंत गेली.

धाकटा कोपऱ्यावरच्या दुकानातून धावत आला. सगळं ऐकून त्याने बहिणीला फोन बंद करायला लावला, स्वतःच्या फोनवरून आजीला फोन लावला आणि रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिला, एक कान बोटाने बंद करून.

"बोल आई!"

"काय बोलू?"

"आलं! झकास! आता गुणगुण!"

आजी गुणगुणली. रस्त्यावरून एक हातगाडी गेली, दोन सायकली गेल्या.

"गुणगुण ना!"

"गुणगुणतेय की रे!" मावशी दारातून ओरडली.

"काहीच नाही! मशीन चालव! ... नाही! मावशी, इस्त्रीची वाफ सोड! ... नाही! आई, शिवी दे!"

"मेल्या, रस्त्यात उभा राहून..."

"आली! स्पष्ट आली!" तो नाचतच रस्ता ओलांडून आला. चेहरा असा फुललेला, जणू बेट शोधून काढलंय. "कळलं! हा फोन फक्त बोलणं पुढे पाठवतो. बाकीचा गोंगाट गाळून टाकतो. पंखा, गाड्या, मशीन. मोठी सोय आहे ती. त्याचेच तर पैसे घेतात!"

"म्हणजे," मावशी सावकाश म्हणाली, "माझी वाफ, हिचं मशीन आणि हिचा गळा, तिन्ही एकाच पोत्यात?"

धाकट्याचा चेहरा उतरला. "बंद करता येत असेल. शोधतो." त्याने फोनच्या पोटात बोटं फिरवायला सुरुवात केली. एका दारातून दुसरं दार, दुसऱ्यातून तिसरं. "इथे असायला हवं... नाही. मग इथे... थांब हं."

तेवढ्यात त्याच्या हातातच फोन वाजला. लेक होती. मागे गुंडीचं भोकाड, खिडकीच्या काचा हलवणारं. "आई, काही कळलं का? ही आवरेना गं मला."

"दे इकडे," आजी म्हणाली.

तिने फोन रिळांना टेकवला. स्कार्फ सोडून बाजूला ठेवला. ओठांत काही नव्हतं, हातात काही नव्हतं, मशीन थांबलेलं. इतकं रिकामं तोंड घेऊन ती या खुर्चीत कधी बसली नव्हती. याला बोलणंच हवंय ना? शब्द हवेत? घे तर मग.

तिने घसा खाकरला. आधी सूर आला, नेहमीचाच, आणि मग त्या सुरावर चाचपडत, अंधारात जिना उतरावा तसे शब्द उतरले:

*दोरा गं माझा वेडा, सुईच्या मागं धावे*
*गुंडीच्या डोळ्यांत गं, झोपेनं आता यावे*

भोकाड थांबलं. एक हुंदका, अर्धा, मग काही नाही.

"गेला आवाज?" आजीने घाबरून विचारलं.

"नाही," लेक कुजबुजली. "ऐकतेय ती. थांबू नकोस."

*कोटाला अस्तर गं, बाहीला दुमड घालू*
*झोपेच्या गावा आता, हळूच दोघी चालू*

आता शब्द तिच्या मागे लागले. इतकी वर्षं टाचण्यांच्या कुंपणाआड दाटीवाटीने उभे होते जणू, आणि फाटक उघडल्यावर कोण पुढे, कोण मागे, याचं भान त्यांना उरलं नव्हतं. मावशीने इस्त्रीचं बटण बंद केलं आणि स्टुलावर बसली. धाकटा स्वतःच्या फोनवर उपाय शोधत दारात टेकला.

*नवा गं फोन आला, दिमाखी त्याची बोली*
*आजीची गुणगुण त्यानं, केरात जमा केली*

मावशी फिस्सकन हसली. पलीकडेही कुणी हसलं, आणि पाठोपाठ लहानसं, दातांच्या दोन दाण्यांतून सांडलेलं हसू आलं. मग पाळण्याचा करकर आवाज. मग मोठा, ओला उसासा.

आजीने डोळे मिटले होते. तिच्यापुढे लेकीचं टेबल आलं, त्यावर अर्धवट राहिलेली चित्रं.

*कागदी बूट उभा, त्याला गं पाय नाही*
*गुंडीची आई त्याला, चालाया शिकवी बाई*

ओळ संपली. पलीकडे शांतता.

"झोपली का गं?"

आजीने डोळे उघडले. पडद्यावर गुंडीची मूठ दिसत होती, सैल सुटलेली, आणि तिच्या वरती लेकीचा चेहरा. ती टेबलाशी गेलीच नव्हती. पाळण्याच्या कडेवर हनुवटी टेकून बसली होती.

"केव्हाच झोपली," लेक म्हणाली. "पहिला उसासा टाकला तेव्हाच."

"मग सांगायचं नाही? आणि तू इथे काय करतेस? चित्रं कोण काढणार?"

"काढते." तिने नाक पुसलं. "आई, तुला शब्द येतात?"

"मला काय माहीत? मलाही आत्ताच कळलं."

"आई, सापडलं!" धाकटा दारातून म्हणाला. "बंद करता येतं ते. तुझ्या फोनमध्ये एवढंसं बटण आहे. आता तू नुसती गुणगुणलीस तरी जाईल."

"बरं झालं," आजी म्हणाली. "उद्यापासून तेच. गाताना मला टीप घालता येत नाही. ढीगभर पँटी पडल्यात." आणि मग फोनकडे वळून, "आणि सोमवारचं काय ते पाळणाघराचं?"

"त्यांना कळवते, सोय झाली म्हणून." लेक उठली. केसांतली पेन्सिल काढली, टेबलाशी जाऊन बसली. पडद्याबाहेरून तिचा आवाज आला, बारीक, हट्टी, फ्रॉकला खिसा हवाच म्हणणाऱ्या मुलीचा. "पण आज अजून दोन ओळी म्हण ना."

"अगं, ती झोपलीय."

"मी कुठे झोपलेय?"

आजीने मावशीकडे पाहिलं. मावशीने हात जोडले आणि मानेनेच सांगितलं, म्हण बाई, पँटी कुठे पळून जात नाहीत.